कासवाच्या पिल्लाचा पहिला हिवाळा: घरातली टाकी कशी मांडावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लाल कानाच्या कासवाचं, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरचं पिल्लू आहे, कवचाची लांबी साधारण ४ सेंटिमीटर. आतापर्यंत गॅलरीतल्या टबमध्ये ते मजेत होतं. थंडी पडल्यापासून सकाळी टबातलं पाणी १७ अंश सेल्सिअसवर उतरतं, पिल्लाने आठ-नऊ दिवस काही खाल्लेलं नाही, आणि ते डोळे मिटून तळाशी पडून असतं. ते शीतनिद्रेत गेलंय का, जाऊ द्यावं का, की घरात आणावं? आणलं तर टाकीत काय काय लागेल, नुसता वरून एक बल्ब लावून भागेल का? शिवाय मुलाला सोबतीसाठी दुसरं पिल्लू हवं आहे.

घरात आणा, आणि याच आठवड्यात आणा. पहिला हिवाळा पिल्लाला जागं ठेवूनच काढायचा, हे वीसेक वर्षं कासवं सांभाळल्यावर झालेलं माझं पक्कं मत आहे. तुमचं पिल्लू शीतनिद्रेत गेलेलं नाही. ते अधेमधे अडकलं आहे, आणि हिवाळ्यात पिल्लं दगावतात ती बहुतेक याच अधल्यामधल्या थंडीत.

कासवाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. भूक, पचन, रोगाशी झुंजायची ताकद, सगळं बाहेरच्या तापमानावर चालतं. पाणी २० अंशांखाली गेलं की भूक मंदावते, १५च्या आसपास बहुतेक कासवं तोंड मिटून घेतात, आणि खरी शीतनिद्रा लागते ती पाणी १० अंशांखाली जाऊन तिथेच स्थिर राहिलं तर. तेव्हा शरीराचा खर्च इतका कमी होतो की साठवलेली चरबी महिनोन्महिने पुरते. १७ अंशांना यातलं काहीच नीट होत नाही. पचायला ऊब कमी पडते, म्हणून गिळलेला घास पोटात तसाच राहून कुजू शकतो. आणि खर्च थांबण्याइतकी थंडीही नसते, म्हणून जवळची थोडीशी शिल्लक रोज झिजत राहते. रोगजंतूंना मात्र १७ अंश चांगले मानवतात. त्यातून सकाळी १७ आणि दुपारी उन्हाने २४ अशी चढउतार असेल, तर पिल्लू रोज अर्धवट जागं होतं आणि रोज पुन्हा गारठतं.

यावर कोणीतरी म्हणेल, रानात पिल्लं हिवाळा काढतातच ना? काढतात. उत्तर अमेरिकेतल्या पेंटेड टर्टलची पिल्लं तर अंड्यातून बाहेर आल्यावरही पहिला हिवाळा घरट्याच्या मातीतच काढतात आणि शून्याखालचं तापमान सोसतात. त्याच जातीची मोठी कासवं बर्फाखालच्या, प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यात काही महिने तग धरतात. प्राणवायूवाचून शरीरात जमणारं आम्ल ती आपल्या कवचातले क्षार वापरून निष्प्रभ करतात. कवच असंही कामाला येतं, हे मी प्रथम वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याचाच विचार करत राहिलो होतो. पण पिल्लाचं कवच मऊ असतं, त्यात खनिजांचा साठा फार थोडा, म्हणून प्राणवायूविना राहायची त्याची ताकद मोठ्या कासवाच्या मानाने खूपच कमी असते. शिवाय रानातल्या पिल्लांपैकी बरीचशी वसंत पाहत नाहीत. आपल्याकडे एकच आहे. घरात जागं राहून हिवाळा काढल्याने त्याचं काहीही बिघडत नाही.

टाकी तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर टब आजच घरात, वाऱ्याच्या झोतापासून लांब आणून ठेवा. गरम पाणी ओतू नका आणि काही खायलाही घालू नका. पाणी सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणायच्या आधी पिल्लू हातात घेऊन नीट बघा. डोळ्यांमागे लाल पट्टा आहे, बोटांमध्ये पडदे आहेत, म्हणजे ते पाणकासव आहे आणि खालचं सगळं त्याला लागू पडतं. बॉक्स टर्टल किंवा जमिनीवरचं कासव असेल तर ही मांडणी करू नका. त्यांना माती लागते आणि खोल पाण्यात ती बुडतात. मिटलेले डोळे सुजलेले आहेत का तेही पाहा. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणं किंवा पोहताना एका बाजूला कलणं, यातलं काही दिसलं तर टाकीची वाट पाहू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

आता टाकी. या एका हिवाळ्यापुरती ६० ते ८० लिटरची काचेची टाकी पुरते. दर इंच कवचामागे साधारण ४० लिटर असा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. मादी पुढे २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि हे प्राणी तीस-तीस वर्षं जगतात, तेव्हा ही टाकी कायमची नाही हे आत्ताच ध्यानात असू द्या. उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी चांगली. खिडकीला खेटून ठेवू नका. रात्री काचेतून गारवा येतो, आणि सकाळचं ऊन थेट पडलं तर लहान टाकी बघता बघता तापते. दाराच्या झोतात नको, टीव्हीशेजारी नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवून भक्कम, सपाट टेबल निवडा. खाली आणि मागच्या बाजूला थर्माकोलची पाटी लावली की हीटरचं काम बरंच हलकं होतं. इतक्या स्वस्तात होणारी इतकी उपयोगी गोष्ट या सगळ्या मांडणीत दुसरी नाही, तरी ती कोणी करत नाही.

पाणी किती घ्यायचं यावर पाळणाऱ्यांमध्ये फार वाद होतात. पिल्लू बुडेल म्हणून काही जण बोटभर पाण्यात ठेवतात. स्लायडरचं निरोगी पिल्लू उत्तम पोहतं. पाणी अति उथळ असेल तर उलटं पडल्यावर त्याला सुलटं होता येत नाही, आणि थोडं पाणी गारही चटकन होतं आणि घाणही चटकन होतं. मी सुरुवातीला कवचाच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे तुमच्या पिल्लाला ८ ते १२ सेंटिमीटर ठेवतो. सध्या ते अशक्त आहे, म्हणून पाण्यात मधूनमधून टेकायला जागा ठेवा: प्लॅस्टिकची किंवा खरी पाणवनस्पती, एखादं गुळगुळीत लाकूड. पंधरा दिवसांनी ते जोमाने पोहायला लागलं की पाणी वाढवा.

तळाला वाळू-खडे घालू नका. पिल्लू खडे गिळतं, ते आतड्यात अडकतात. मोकळी काच दिसायला रुक्ष वाटेल, पण साफ करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. फारच उघडं वाटत असेल तर पिल्लाच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे चारदोन ठेवा.

हीटरकडे जास्त लक्ष द्या. पिल्लासाठी पाणी २६ ते २८ अंश हवं, मी २७ला लावतो. थर्मोस्टॅट असलेला बुडता हीटर घ्या. खोली थंड असेल तर लिटरमागे एक ते दीड वॉट, म्हणजे ४० लिटर पाण्याला ४० ते ६० वॉट. त्याहून मोठा हीटर घेण्याचा मोह आवरा. थर्मोस्टॅट कधीतरी बिघडतोच, आणि चालू अवस्थेत अडकला तर मोठा हीटर रातोरात पाणी जीवघेणं तापवू शकतो. लहान हीटरच्या अंगात तेवढी ताकदच नसते. जमलं तर बाहेरून वेगळा तापमान-नियंत्रक लावा, म्हणजे एक फसला तरी दुसरा वीज तोडतो. हीटरला प्लॅस्टिकची जाळी हवीच आणि तो काचेपासून इतका लांब किंवा इतका जवळ बसवा की मधल्या फटीत पिल्लू शिरून अडकणार नाही. पाणी काढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं हीटर बंद करायचा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. गरम काच हवेत उघडी पडली किंवा तिला गार पाणी लागलं की तडकते, आणि तडकलेला हीटर पाण्यात असताना हात घालणं जिवावर बेतू शकतं. सगळ्या वायरी प्लगकडे जाण्याआधी थोड्या खाली लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळून पडेल. ही जोडणी विजेची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरच असावी.

पाणी उबदार झालं म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण इथेच थांबतात. पण पाणकासवाला दोन हवामानं लागतात: एक पाण्यातलं, आणि दुसरं त्याहून पाच-सात अंश गरम, पूर्ण कोरडं, ऊन खायचं. कासव पाण्याबाहेर येऊन पाय ताणून, मान लांब करून बसतं तेव्हा ते आळसावलेलं नसतं. त्या वेळात खाल्लेलं पचत असतं, कवच वाळून त्यावरची बुरशी मरत असते आणि हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व तयार होत असतं. ही जागा नीट जमली नाही तर बाकी टाकी कितीही सुंदर असो, पिल्लू दोन महिन्यांत कुरकुरायला लागतं.

ही बैठक उतरती असावी, एक कड पाण्यात बुडालेली, पृष्ठभाग खरबरीत म्हणजे नखं रुततील असा. वरचा भाग पूर्ण कोरडा राहिला पाहिजे, पोटाखाली पाण्याचा थर नको. पिल्लाच्या चौपट-पाचपट जागा असू द्या, म्हणजे त्याला बल्बखालून थोडं बाजूला सरकता येईल. आणि बैठकीखाली काय होतं ते हात घालून तपासा. माझ्याकडचं एक पिल्लू याच चुकीने गेलं. बैठकीच्या दगडाखाली एक निमुळती पोकळी राहिली होती, ते तिच्यात शिरलं आणि त्याला मागे वळता आलं नाही. सकाळी बघितलं तेव्हा उशीर झाला होता. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं, अडकलं तर बुडून मरतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या टाकीत पिल्लाच्या आकाराचा एखादा तुकडा घेऊन प्रत्येक फटीत सरकवून बघतो. फट एक तर त्याला शिरताच येणार नाही इतकी अरुंद हवी, नाही तर आत वळता येईल इतकी ऐसपैस. चोषकांवर (काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांवर) चिकटवलेल्या बैठका काही महिन्यांनी निसटतात, म्हणून त्या खालून विटेचा किंवा दगडाचा आधार दिल्याशिवाय वापरू नका.

बैठकीवर पिल्लाच्या कवचाच्या उंचीला ३२ ते ३५ अंश हवेत. त्यासाठी साधा ४०-५० वॉटचा हॅलोजन स्पॉट पुरतो. चिनी मातीचा होल्डर वापरा, आणि दिवा क्लिपच्या भरवशावर कधीच सोडू नका. क्लिप सुटते, तापलेला दिवा पडतो आणि आग लागते. साखळीने किंवा तारेने दुसरा आधार बांधाच. सुरुवातीला दिवा ३० सेंटिमीटर वर ठेवा, तासाभराने तापमान मोजा, मग खाली-वर करा. हाताला ऊब लागते म्हणजे बरोबर, असा अंदाज चालत नाही. आपला हात ३० आणि ४० अंशांतला फरक नीट सांगत नाही, आणि पिल्लासाठी तो जगण्यामरण्याचा फरक आहे. वायरचा सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक पाण्यात, एक बैठकीवर. टाकीवर चिकटवायची रंगीत पट्टी काचेचं तापमान दाखवते, तिच्यावर विसंबू नका.

पाण्यावरची हवाही फार गार असू नये. २७ अंशांच्या पाण्यातून मान वर काढून १५ अंशांची हवा ओढायची वेळ आली की फुफ्फुसांचा त्रास ओढवतो. टाकीचा अर्धा-पाऊण भाग वरून झाकला की वाफेची ऊब आत राहते. दिव्याखालचा भाग मात्र उघडा किंवा लोखंडी जाळीचा असावा. पूर्ण बंद केलीत तर आत ओल धरेल आणि बैठक कधी वाळणारच नाही.

नुसत्या बल्बने भागेल का, या प्रश्नाचं उत्तर यातच दडलं आहे: भागत नाही. साधा बल्ब ऊब देतो, अतिनील किरण देत नाही. कासवाच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी नावाचे अतिनील किरण लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. शरीर मग हाडांतून आणि कवचातून ते काढून घेतं, कवच पापडासारखं मऊ पडतं, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. हे सगळं महिन्यामहिन्याने, न कळत होतं, आणि दिसायला लागतं तेव्हा बरंचसं कायमचं झालेलं असतं. यूव्हीबी काचेतून येत नाहीत, म्हणून खिडकीतून आत आलेलं ऊन पिल्लाला ऊब देईल, ड जीवनसत्त्व देणार नाही.

म्हणून यूव्हीबीची वेगळी नळी लावा. पाच ते सहा टक्के यूव्हीबी लिहिलेली लांब टी५ (बारीक ट्यूबलाइटसारखी) नळी मला गोल वेटोळ्याच्या दिव्यापेक्षा कितीतरी चांगली वाटते, कारण तिचा प्रकाश लांबवर सारखा पसरतो. ती हॅलोजनच्या अगदी शेजारी बसवा, म्हणजे दोन्हींचा प्रकाश एकाच जागी पडेल. त्वचेत यूव्हीबीने आधी जो पदार्थ बनतो त्याचं ड३ व्हायला ऊब लागते, म्हणून ही दोन्ही एकत्र हवीत. उन्हात तरी ती कुठे वेगळी असतात? दिवा आणि बैठक यांत अंतर किती ठेवायचं ते नळीच्या खोक्यावर दिलेलं असतं, तेच पाळा. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. बारीक जाळीनेही बरेच किरण अडतात. आणि नळी वरूनच हवी. कासवाच्या डोळ्यांवर कपाळाची कड सावली धरते, बाजूने आलेला प्रकाश मात्र थेट डोळ्यांत जातो. नळी उजेड देत राहिली तरी तिच्यातले यूव्हीबी हळूहळू सरतात, म्हणून लावल्याची तारीख तिच्यावरच लिहा आणि वर्षभरात बदला.

दोन्ही दिवे टायमरवर १२ तास चालू, १२ तास बंद. रात्री पूर्ण अंधार. लाल बल्ब कासवाला दिसत नाही असं सांगितलं जातं, ते चूक आहे. स्लायडरला लाल रंग उत्तम दिसतो, आणि त्या उजेडात त्याची झोपमोड होते. रात्रीच्या उबेला पाण्यातला हीटर पुरे.

फिल्टर टाकीच्या आकारमानाच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, पण प्रवाह मंद ठेवा. पिल्लाची सगळी ताकद प्रवाहाशी झुंजण्यात जाऊ नये. साधा स्पंजचा फिल्टर पिल्लासाठी फार चांगला. त्याच्या तोंडात पाय अडकत नाही आणि उपयोगी जिवाणूंना भरपूर जागा मिळते. हे जिवाणू विष्ठेतून आलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर आठवड्यातून दोन-तीनदा पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट करून ओता, आणि क्लोरीन काढायचं औषध घालून. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घातलेल्या पाण्याला तो उपाय चालत नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धुतलात तर जिवाणूंची वस्ती धुऊन जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सगळं मांडून झालं की पिल्लू लगेच आत सोडू नका. टाकी दोन दिवस रिकामी चालवा. पहाटे, दुपारी आणि दिवे बंद झाल्यावर दोन्ही तापमानं वहीत लिहा. पहाटेचं पाणी २६च्या खाली जात असेल तर थर्माकोल किंवा झाकण वाढवा, बैठक ३७-३८ला पोचत असेल तर दिवा वर घ्या. दोन दिवस आकडे जागेवर राहिले की मग पिल्लाची पाळी.

पिल्लू एकदम २७ अंशांत टाकू नका. टबातलं पाणी खोलीच्या तापमानाला आलं असेल, समजा २१-२२ला, तर टाकीही पहिल्या दिवशी २२-२३वर आणा, पिल्लू सोडा आणि मग रोज दोन अंश चढवत २७ला न्या. बैठकीवरचे दिवे पहिल्या दिवसापासून चालू असू द्या, ऊब किती घ्यायची ते पिल्लू स्वतः ठरवील. सुरुवातीला ते लपेल, माणूस दिसला की धपकन पाण्यात उडी घेईल. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा आणि दोन-चार दिवस त्याला एकटं सोडा.

पाणी २५च्या वर गेल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग पहिला घास. पिल्लू या वयात मुख्यतः मांसाहारी असतं. पाणकासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या हा रोजच्या जेवणाचा पाया ठेवा, मधूनमधून गांडूळ किंवा लहान किडा. वाळवलेल्या कोळंबीवर पिल्लू झडप घालतं, पण ते पूर्ण अन्न नाही. तिच्यावरच वाढवलेली पिल्लं मी अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे सुजून आलेली पाहिली आहेत. प्रमाण किती? पिल्लाचं डोकं पोकळ धरलं तर त्यात मावेल इतकं, दिवसातून एकदा, सकाळी दिवे लागून तासाभराने, म्हणजे पचवायला पूर्ण दिवस मिळतो. दहा मिनिटांत उरलेलं काढून टाका. पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती आतापासूनच ठेवा. आत्ता ते तिच्याकडे बघणारही नाही, मोठेपणी मात्र त्याचं निम्म्याहून अधिक खाणं हिरवंच असतं. कटलफिशच्या हाडाचा एक तुकडा पाण्यात सोडून द्या, चोचीने कुरतडत बसतं.

पहिले तीन-चार दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका. पाणी २७, बैठक ३३, यूव्हीबी चालू, आणि तरीही आठवडाभर तोंड लावलं नाही, तर पशुवैद्याकडे न्या. दर आठवड्याला त्याच वारी, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या लहान काट्यावर वजन करून लिहून ठेवा. एवढ्याशा जिवाचा एक ग्रॅम घटला तरी तो मोठा असतो, आणि वजनाची वही डोळ्यांआधी सांगते. दिवसभर बैठकीवरून न उतरणारं पिल्लू पाणी गार असल्याचं सांगत असतं किंवा आजारी असतं. कधीच वर न चढणारं पिल्लू बहुधा बैठक फार तापलेली, चढायला अवघड किंवा फार उघड्यावर असल्याचं सांगतं. आधी आकडे तपासा. अ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं किंवा प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने देऊ नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

वीज गेली तर टाकीवर आणि चारी बाजूंनी जाड घोंगडी घाला, वर हवेला थोडी फट ठेवा. झाकलेल्या टाकीतलं पाणी सावकाश उतरतं, तीन-चार तासांत फार बिघडत नाही. त्याहून लांबलं तर घट्ट बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती टाकीत तरंगत सोडा. त्या दिवशी खायला देऊ नका.

घरात लहान मूल आहे म्हणून हे ठासून सांगतो. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना त्याची लागण होत होती म्हणूनच अमेरिकेने १९७५ साली ४ इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. पिल्लाला किंवा टाकीच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे, पिल्लाचा मुका घ्यायचा नाही, आणि टाकीचं सामान स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये कधीही धुवायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात पिल्लू देऊच नका.

मुलाला सोबतीसाठी दुसरं पिल्लू हवंय, ते आणू नका. कासवाला सोबत लागत नाही. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या आणि पाय चावतात, बलवान असतं ते ऊन खायची जागा अडवून दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसतं, आणि आपल्याला ते प्रेमाने बिलगल्यासारखं वाटतं. मुलाला वजनाची वही सांभाळायला द्या. माझ्या घरी हेच केलं होतं, आणि दर रविवारी काट्याभोवती सगळं घर जमायचं. एक मात्र त्याला आत्ताच समजावून सांगा: कासव मोठं झालं, जड झालं, तरी ते तळ्यात किंवा नदीत सोडायचं नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. सोडलेली स्लायडर तिथल्या मूळ कासवांच्या ऊन खायच्या जागा आणि अन्न बळकावतात.

थंडी ओसरून टबातलं पाणी पहाटेसुद्धा २० अंशांवर राहू लागलं की पिल्लाला दुपारचे दोन-तीन तास बाहेर न्या. अर्धा टब सावलीत, वर जाळी, म्हणजे पक्षी आणि मांजर दोन्हींपासून जपलं जाईल, आणि उथळ पाणी उन्हाने तापत नाही ना यावर तुमची नजर. संध्याकाळी पुन्हा टाकीत. असे तीन-चार आठवडे जाऊ द्या, आणि तोवर हीटर काढून ठेवू नका, कारण उतरत्या थंडीत अधूनमधून एखादी गार रात्र येतेच.